354 मीटर म्हणजे कुणाच्या दारापर्यंत?

गोदावरी फुगली की नांदेडमध्ये दोन आकडे फिरू लागतात: 351 आणि 354. जायकवाडीतून पाणी सुटलेलं असतं, किंवा वरच्या अंगाला पूर्णा-दुधना भरून आलेल्या असतात. विष्णुपुरीचे किती दरवाजे उघडले याची बातमी मोबाइलवर येते आणि तिच्या शेपटाला जुन्या पुलाजवळची पातळी जोडलेली असते. 351 मीटर ही इशारा पातळी, 354 मीटर ही धोक्याची. दोन्ही आकडे समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचे. पाणी 352 वर पोचलं असं कळल्यावर नावघाटाकडचा, खडकपुऱ्यातला माणूस काय करतो? आकडा वाचतो आणि घराबाहेर येऊन नदीकडे बघतो. नदी किती मीटरवर आहे हे त्याला कळलेलं असतं, पण आपला उंबरठा किती मीटरवर आहे हे त्याला कधी कुणी सांगितलेलं नसतं.

खरं तर साधी वजाबाकी आहे. एका उंचीतून दुसरी वजा केली की सामान माळ्यावर टाकायचं, की लेकरं घेऊन पाहुण्यांकडे निघायचं, हे ठरतं. त्यातला एकच आकडा जाहीर होतो. जुन्या रहिवाशांची यावर स्वतःची पद्धत आहे: 2006 च्या पुरात पाणी कुठल्या पायरीला लागलं होतं, ते ध्यानात ठेवायचं. पद्धत चांगली आहे. मात्र मागच्या वर्षी भाड्याने राहायला आलेल्या कुटुंबाच्या ती कामाची नाही.

इंटरनेटवर जगभराच्या उंचीची माहिती फुकट मिळते, हे खरं. फेब्रुवारी 2000 मध्ये 'एन्डेव्हर' यानाने अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरत रडारने जमिनीची उंची मोजली, आणि ती माहिती आज कुणालाही उतरवून घेता येते. पण तिच्यात सुमारे 30 मीटर लांबीरुंदीच्या चौकोनाला एकच उंची दिलेली असते आणि ती काही मीटरने चुकू शकते. इथे इशारा आणि धोका यांच्यात अंतर आहे फक्त तीन मीटरचं. डोंगररांग कुठून जाते हे सांगायला ही माहिती उत्तम. गल्ली क्रमांक चारमध्ये पाणी शिरेल का, हे तिला विचारू नये.

मग गल्लीची उंची कुणीच मोजत नाही का? मोजतात. मैला वाहून नेणारी वाहिनी उतारानेच चालते, त्यामुळे ती टाकण्याआधी प्रत्येक रस्त्याची, प्रत्येक चेंबरच्या झाकणाची उंची घ्यावीच लागते. इंजिनिअर तिला 'आर.एल.' म्हणतात. डिसेंबर 2005 मध्ये केंद्राने जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू केलं तेव्हा महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर आणि नाशिक या मोठ्या शहरांच्या पंगतीत नांदेडलाही पान मिळालं. 2008 च्या ऑक्टोबरात गुरू गोविंदसिंघजींच्या गुरु-ता-गद्दीला 300 वर्षं पूर्ण होत होती, देशोदेशीचे भाविक सचखंड हुजूर साहिबला येणार होते. रस्ते रुंद झाले, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्या पडल्या. काम कितीही घाईचं असो, उंची मोजल्याशिवाय सांडपाणी पुढे सरकत नाही. म्हणजे पुरात कुणाचं दार आधी भिजेल हे सांगणारे आकडे अशा प्रत्येक कामात जनतेच्या पैशातून गोळा होतात, अगदी वेगळ्या कारणासाठी. मग ते ड्रॉइंगमध्ये जातात, ड्रॉइंग सल्लागार कंपनीच्या संगणकात आणि एक प्रत कार्यालयाच्या कपाटात. पूर आला की कपाटाची आठवण कुणाला होत नाही. आणि पुढच्या कामाची निविदा निघाली की त्याच रस्त्यांची उंची पुन्हा पैसे देऊन मोजली जाते.

हे प्रकरण त्या कपाटाविषयी आहे.

शहरातल्या सार्वजनिक सोयी म्हणजे दवाखाने, शाळा, अंगणवाड्या, शौचालयं, नळकोंडाळी, पाण्याच्या टाक्या, बसथांबे, रेशन दुकानं, अग्निशमन केंद्रं, स्मशानभूमी. यातली प्रत्येक गोष्ट कुठे आहे, कसली आहे, चालू आहे का, आणि ही नोंद कधीची, एवढं लिहून ठेवलं की भौगोलिक माहिती तयार होते. ती 'खुली' व्हायला आणखी दोन गोष्टी लागतात. एक, संगणकाला ती चाळता, छाटता, जोडता आली पाहिजे. दोन, ती घेऊन वापरायची, दुरुस्त करायची, तिच्यावर धंदासुद्धा करायची लेखी परवानगी पाहिजे. केंद्र सरकारने 2012 मध्ये माहिती खुली करण्याचं राष्ट्रीय धोरण आणलं, त्याच वर्षी त्यासाठी संकेतस्थळ उघडलं, 2017 मध्ये परवान्याचा मसुदाही ठरवून दिला. पण धोरण केंद्राच्या खात्यांपुरतं. महापालिका त्याने बांधल्या जात नाहीत.

महापालिका नकाशे प्रसिद्धच करत नाहीत असं मात्र म्हणता येणार नाही. निवडणुकीआधी प्रभागरचनेचा प्रारूप नकाशा हरकती-सूचनांसाठी लावला जातो. तो पीडीएफमध्ये असतो, खाली सही-शिक्का असतो, आणि सोबत शब्दांत चतुःसीमा दिलेली असते: उत्तरेस अमुक नाला, पूर्वेस तमुक यांच्या घरापासून रेल्वे रुळापर्यंत. खरेदीखतातून उचललेली ही भाषा. माणसाला ती कळते, निदान त्या गल्लीतल्या माणसाला कळते. संगणकाला पीडीएफ म्हणजे नुसतं चित्र. माझ्या प्रभागात किती शौचालयं आहेत, हा प्रश्न त्या चित्राला विचारता येत नाही. कुणीतरी रात्र जागून ती सीमा पुन्हा गिरवावी लागते. 'डेटामीट' नावाच्या स्वयंसेवी गटाने देशातल्या अनेक शहरांच्या प्रभागसीमा अशाच गोळा करून, साफ करून सगळ्यांसाठी ठेवल्या. पालिकेने संगणकावर आखायची, चित्र करून छापायची आणि नागरिकाने त्या चित्रावरून पुन्हा संगणकावर आणायची, अशी ही उलटसुलट मेहनत आहे.

संगणकाला कळणारी भाषा फार अवघड नाही. पृथ्वीवरची कुठलीही जागा दोन आकड्यांत सांगता येते. नांदेड म्हणजे साधारण 19.15 उत्तर अक्षांश, 77.32 पूर्व रेखांश. दशांश चिन्हापुढे चार घरं लिहिली की नेमकेपणा अकरा मीटरवर येतो, पाच लिहिली की मीटरभरावर. शौचालयाचं दार दाखवायला तेवढं पुष्कळ. गोंधळ होतो तो क्रमाचा. आपण बोलताना अक्षांश आधी म्हणतो, पण नकाशाच्या फाइलीचा जो एक प्रकार खूप चालतो, 'जिओजेसन', त्यात रेखांश आधी लिहायचा असतो. अदलाबदल झाली की नांदेड नॉर्वेच्याही उत्तरेला, स्वालबार्ड बेटांमधल्या गोठवणाऱ्या समुद्रात जाऊन पडतं. लातूरचंही तेच. दोघं तिथेही शेजारीच असतात, एवढंच समाधान. विनोद म्हणून हे सांगण्यासारखं आहे, पण सरकारी याद्यांमध्ये अशा चुका सर्रास असतात, आणि यादी उघडी नसली तर त्या कुणाच्या नजरेला पडत नाहीत.

लातूरकडे वळायला हे निमित्त बरं आहे, कारण लातूरच्या पोटात एक नकाशा आहे. गंजगोलाई. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आराखडा केला, 1917 मध्ये दुमजली वर्तुळाकार इमारत उभी राहिली, मध्ये जगदंबेचं देऊळ, आणि वर्तुळातून सोळा रस्ते बाहेर फुटलेले. कुठल्या रस्त्याला सोनं, कुठल्या रस्त्याला चपला, मिरची कुठे, गूळ कुठे, हे रस्त्यानेच सांगावं अशी मांडणी. कागदावर कंपासने काढलेलं वर्तुळ शंभर वर्षांनंतरही उपग्रहाच्या छायाचित्रात लगेच ओळखू येतं. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात. स्वतंत्र जिल्हा झाला तो 1982 मध्ये, आणि महापालिका 2011 मध्ये. गोलाईच्या त्या वर्तुळाबाहेर शहर पसरलं ते अंबाजोगाई रोड, औसा रोड, बार्शी रोड अशा रस्त्यांच्या बाजूने, आणि तिथे फैयाजुद्दीनसारखा कुणी पुढे चालत नव्हता.

या पसरलेल्या शहराची कसोटी 2016 मध्ये लागली. धनेगावच्या मांजरा धरणाची क्षमता 224 दशलक्ष घनमीटरच्या आसपास, आणि ते कोरडं पडलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. 12 एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली: दहा वाघिणी, पाच लाख लिटर. काही दिवसांत वाघिणी पन्नास झाल्या आणि एका फेरीचं पाणी 25 लाख लिटर. 'जलदूत' हे नाव घराघरात पोचलं. आता थोडं गणित करू. 2011 च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या 3 लाख 82 हजार 940. पहिल्या गाडीचं पाणी माणशी सव्वा-दीड लिटर. पन्नास वाघिणींचं माणशी साडेसहा लिटर. आपत्तीत माणसाला रोज किमान किती पाणी लागतं याचं एक जगन्मान्य मोजमाप आहे, 'स्फिअर' नावाने ते ओळखलं जातं. ते म्हणतं 15 लिटर. गाडीने सगळ्यांची तहान भागली हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. उरलेलं पाणी बोअरमधून, टँकरमधून, जारमधून आलं.

आणि इथे नकाशाचा प्रश्न येतो. रेल्वे स्टेशनपर्यंत पाणी आणणं हे काम शेकडो किलोमीटरचं असलं तरी त्याला रूळ होते. स्टेशनापासून घरापर्यंतच्या चार-पाच किलोमीटरला रूळ नव्हते. कुठल्या गल्लीत टँकर शिरतो, कुठे तो कोपऱ्यावर थांबतो, कुठल्या भागातल्या बोअरला अजून पाणी आहे, कुठला हातपंप नावापुरता उभा आहे, हे टँकरच्या ड्रायव्हरला, नळाचं पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हमनला, वॉर्डातल्या बायांना ठाऊक होतं. तीन ठिकाणी तीन तुकडे. स्फिअरचं दुसरं माप असं की पाण्याची जागा घरापासून 500 मीटरच्या आत असावी आणि एका नळावर अडीचशेच्या वर माणसं नसावीत. पाण्याच्या सगळ्या जागा एका खुल्या फाइलीत असत्या तर प्रत्येक बिंदूभोवती 500 मीटरचं वर्तुळ काढायचं आणि वर्तुळाबाहेर उरलेल्या वस्त्या मोजायच्या, एवढंच काम होतं. शाळेतल्या मुलाला शिकवलं तर तो दुपारभरात करील.

वर्तुळावर फार विश्वासही ठेवू नये. नांदेडच्या नकाशावर कंपास ठेवून पाहा. सिडको-हडको गोदावरीच्या दक्षिणेला, जुनं शहर उत्तरेला. नदीच्या पलीकडचा दवाखाना वर्तुळात येतो, पण माणसाला पुलाला वळसा घालून जावं लागतं. रेल्वेचा रूळ, मोठा नाला, लष्कराची भिंत, सगळ्यांचं तसंच. म्हणून नुसते बिंदू पुरत नाहीत, रस्ते आणि पूलही त्याच नकाशात लागतात, आणि पूर आल्यावर कुठला पूल बंद होतो हेही. अंतर चालायच्या वाटेने मोजायचं असतं.

लातूरची दुसरी आठवण याहून जुनी आणि याहून भीषण. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारला काही मिनिटं कमी, गणपती विसर्जन करून गावं झोपली होती. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. तेव्हाच्या भूकंपप्रवण नकाशात हा भाग सर्वांत निर्धोक समजल्या जाणाऱ्या पहिल्या विभागात होता. पुढे 2002 मध्ये नकाशा सुधारला, पहिला विभागच रद्द झाला आणि हा परिसर तिसऱ्यात गेला. नकाशा चुकू शकतो, ही त्यातली छोटी गोष्ट. नकाशा दुरुस्त व्हायला नऊ वर्षं लागली, ही मोठी.

पुनर्वसनात 52 गावं संपूर्ण हलवली गेली. जुन्या गावठाणापासून काही अंतरावर सरळ रस्त्यांची, चौकोनी आळ्यांची नवी गावं वसली, आणि नावं तीच राहिली. आता कल्पना करा, बाहेरून आलेल्या ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरने जुन्या नकाशावरून उतरवलेल्या यादीतून गाव शोधलं. बिंदू ढिगाऱ्याच्या जागेवर पडेल. लातूर जिल्ह्यात काम करणाऱ्या कुणालाही 'जुनं की नवं?' हा प्रश्न विचारावा लागतो, आणि तो प्रश्न फाइलीतही विचारला गेला पाहिजे: जुनी जागा, नवी जागा, कधी बदलली.

किल्लारीत जे जमलं नाही ते काठमांडूत थोडंफार जमलं, म्हणून तिकडे डोकावू. तिथे 2012 पासून जागतिक बँकेच्या मदतीने एक गट शहरातल्या शाळा आणि दवाखान्यांची नोंद खुल्या नकाशावर करत होता. पुढे तोच 'काठमांडू लिव्हिंग लॅब्ज' म्हणून उभा राहिला. मुलं फिरून इमारती टिपत होती, किती मजली, कशाने बांधलेली. तेव्हा कुणी या कामाला फारसं महत्त्व दिलं नसावं. 25 एप्रिल 2015 ला भूकंप झाला, तेव्हा राजधानीतले दवाखाने नकाशावर आधीच होते. जगभरचे हजारो स्वयंसेवक उपग्रहाच्या छायाचित्रांवरून उरलेले रस्ते आणि गावं जोडत गेले. भूकंपानंतर दवाखाने नोंदायला निघालं असतं तर नोंदणाऱ्यालाच दवाखान्यात जायची वेळ आली असती.

हा खुला नकाशा म्हणजे 'ओपनस्ट्रीटमॅप'. त्याच्या जन्माची कथा आपल्या कपाटाशी जुळते. ब्रिटनमध्ये जनतेच्या पैशातून काढलेले सरकारी नकाशे जनतेलाच विकत घ्यावे लागत. वैतागून 2004 मध्ये स्टीव्ह कोस्ट या तरुणाने ठरवलं की आपणच काढू. आज त्यात कुणीही खातं उघडून आपल्या गल्लीतला नळ नोंदू शकतो, नाव मराठीत लिहू शकतो, आणि सगळी माहिती उतरवून घेऊ शकतो. अट एवढीच की श्रेय द्यायचं आणि सुधारलेली माहिती पुढे वाटताना तीही खुलीच ठेवायची. 'गूगल'नेही 2008 मध्ये लोकांकडून नकाशा भरून घेण्याची सोय केली होती, 'मॅप मेकर' नावाची. लोकांनी हौसेने गावंच्या गावं भरली. 2017 च्या मार्चअखेर ती सोय बंद झाली. भरलेली माहिती कंपनीकडे राहिली, आणि ज्यांनी भरली त्यांना ती आपल्या कामासाठी उचलून नेता येईना. गूगलचा नकाशा वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. रस्ता शोधायला मीही तोच उघडतो. पण शहरातली शौचालयं कुठे आहेत हे महापालिकेला एखाद्या कंपनीकडून कळावं, हे बरं दिसत नाही.

नकाशा काढणं हे आपल्याकडे फार काळ संशयाचं काम होतं. ब्रिटिश मोजणी अधिकारी विल्यम लॅम्बटनने 1815 मध्ये बिदर परिसरात आधाररेषा मोजली, पुढे 1823 मध्ये हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. मराठवाड्याच्या कडेने गेलेली ती मोजणी साम्राज्यासाठी होती आणि तिचे बारीक नकाशे प्रजेला मिळायचे नव्हते. सवय स्वातंत्र्यानंतरही टिकली. गंमत पाहा, मे 2016 मध्ये, लातूरला जलदूत धावत होती त्याच आठवड्यांत, केंद्राने भूस्थानिक माहितीवरच्या एका कायद्याचा मसुदा काढला. परवान्याशिवाय अशी माहिती गोळा करणाऱ्याला शंभर कोटींपर्यंत दंड. शब्दशः अर्थ लावला तर मोबाइलवर टँकरचा थांबा टिपून तो इतरांना कळवणारी बाईही त्यात सापडली असती. तो मसुदा कायदा झाला नाही. 15 फेब्रुवारी 2021 ला उलट दिशेने पाऊल पडलं: भारतीय व्यक्ती आणि संस्थांना, काही संवेदनशील जागा वगळता, नकाशे काढायला पूर्वपरवानगी लागणार नाही असं जाहीर झालं. आज नांदेडच्या किंवा लातूरच्या कॉलेजातल्या मुलांनी शहराचे नळ नोंदायचं मनावर घेतलं तर कायदा आडवा येत नाही.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 2022 मध्ये, ग्रामविकास मंत्रालयाने ग्रामसडक योजनेसाठी गोळा केलेली माहिती खुली केली. खेड्यांतले रस्ते आणि आठ लाखांवर ग्रामीण सोयींच्या जागा: शाळा, दवाखाने, बाजार. रस्त्याचा प्राधान्यक्रम ठरवायला मोजणी झाली होती, ती संपल्यावर कपाटात न ठेवता बाहेर आली. शहरांच्या बाजूला काय? स्मार्ट सिटी अभियानातल्या शंभर शहरांना खुल्या माहितीसाठी अधिकारी नेमायला आणि माहिती मांडायला सांगितलं गेलं. मराठवाड्यातून त्या शंभरात एकच शहर होतं, तेव्हाचं औरंगाबाद. म्हणजे औसा तालुक्यातलं खेडं एका यादीत, मोठी शहरं दुसऱ्या यादीत, आणि साडेपाच लाखांचं नांदेड, पावणेचार लाखांचं लातूर मधल्या फटीत. देशातली कितीतरी शहरी माणसं अशाच फटीतल्या शहरांत राहतात.

नोंदायला बसलं की पहिला घोळ नावांचा. नांदेडमध्ये 'सरकारी दवाखाना' म्हटलं की जुना माणूस वजिराबादकडे बोट दाखवतो. वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय तिथून विष्णुपुरीला, नदीपलीकडे गेलं, आणि त्याचं पूर्ण नाव डॉ. शंकरराव चव्हाण यांच्या नावाने आहे. वजिराबादेत श्री गुरुगोविंदसिंघजींच्या नावाचं जिल्हा रुग्णालय आहे. रात्री अडीचला बाळंतीण घेऊन निघालेल्या रिक्षावाल्यापुढे 'सरकारी दवाखाना' एवढंच टाईप करणारा नातेवाईक असतो. खुल्या नकाशात एकाच जागेला अधिकृत नाव, बोलीतलं नाव, जुनं नाव अशी वेगवेगळी खणं देता येतात. ती सरकारी यादीत नसतात. 'डॉक्टर लेन' म्हटल्यावर नांदेडात कुणालाही कळतं; असे पत्ते माहीत असलेली माणसं यादी भरायला हवीत.

दुसरा घोळ 'आहे' या शब्दाचा. शौचालय आहे. कुलूप आहे का? बायकांसाठी आहे का? पैसे घेतात का? मुंबईत 2011 पासून 'राइट टू पी' मोहिमेतल्या बायकांनी नेमके हेच प्रश्न घेऊन शौचालयांची पाहणी केली, तेव्हा पुरुषांना फुकट असलेल्या मुतारीसाठी बायकांकडून पैसे घेतले जातात हे नोंदीत आलं. बिंदूला जोडलेले हे चार-सहा रकाने बिंदूहून मोलाचे असतात. लातूरला दरवर्षी बाहेरगावाहून शिकवणी वर्गांसाठी मुलंमुली येतात, गावाकडचे आईबाप त्यांना खोली, मेस, अभ्यासिका बघून देतात. गोलाईत दिवसभर खरेदी करणाऱ्या बाईला शौचालय कुठे, हा प्रश्न त्या मुलींच्या आईलाच सर्वांत आधी पडतो.

सगळंच उघडं करायचं नसतं, हेही इथेच सांगायला हवं. घर सोडून आलेल्या बायकांची निवारागृहं नकाशावर नकोत; ती जागा ज्याच्यापासून लपवायची तोही मोबाइल वापरतो. झोपडपट्टीचा प्रश्न दुधारी आहे. सांगली-मिरजेत 'शेल्टर असोसिएट्स'ने झोपडपट्ट्यांचे नकाशे काढले आणि घरोघरी शौचालय कुठे बसेल, वाहिनी कुठून जाईल, हे त्यावर ठरवलं. नकाशा रहिवाशांच्या बाजूने उभा राहिला. तोच नकाशा अतिक्रमण विभागाच्या हातात वेगळं काम करू शकतो. म्हणून सोय उघडी ठेवावी, घर आणि माणूस झाकून ठेवावा, अशी रेघ मला योग्य वाटते, आणि वस्तीचा नकाशा वस्तीला विचारून काढावा.

मोठी अडचण मात्र शेवटी नोंदीच्या ताजेपणाचीच येते. उद्घाटनाच्या दिवशी नकाशा सुंदर असतो. आयुक्त बदलतात, कंत्राट संपतं, संकेतस्थळ उघडेनासं होतं. लातूरच्या आडत बाजारात रोजकीर्द रोज लिहिली नाही तर दिवाळीला हिशेब लागत नाही, नकाशाचं तेच. आणि रोज लिहिणारी माणसं पालिकेत आधीच आहेत: व्हॉल्व्हमन, स्वच्छता निरीक्षक, मालमत्ता कराची बिलं वाटणारे, दिव्याचा खांब दुरुस्त करणारे. त्यांच्या रोजच्या फेरीत 'चालू', 'बंद', 'हलवलं' एवढं एक बटण दाबायची सोय असली तर वेगळी मोजणी लागत नाही.

नवी मोजणी निघतेच तेव्हा गोष्ट निविदेत ठरते. मालमत्ता करासाठी शहराची पाहणी करायची तर घरमालकाचं नाव, फोन, थकबाकी हे खासगी रकाने आतच राहावेत. शौचालयं, नळकोंडाळी, दवाखाने, दिव्याचे खांब यांचा थर वेगळा काढता येतो. संगणकाला त्याला क्षणही लागत नाही. निविदेत तसं कलम हवं की कच्च्या फाइली, चित्रं करून नव्हे तर दुरुस्त करता येतील अशा रूपात, पालिकेच्या मालकीच्या म्हणून जमा व्हाव्यात आणि सार्वजनिक सोयींचा थर खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध व्हावा. कंत्राटदाराचं अंतिम देयक या फाइली उघडून, चार बिंदू प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासल्यावरच निघावं. एकदा देयक निघालं, सल्लागाराचं ऑफिस पुण्याला परतलं, की पुढच्या अभियंत्याला फाइल कुणाकडे मागायची तेही माहीत नसतं.